कॉटेज चीज ताटात नेमकं कुठे बसवायचं : टाइप २ मधुमेहाचं एक प्रकरण

या प्रकरणातली व्यक्ती प्रातिनिधिक आहे. मधुमेहींच्या आहाराच्या कामात जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात, ते एकाच माणसाच्या निमित्ताने सलग मांडता यावेत म्हणून ती उभी केली आहे. तिच्या तपासण्यांचे आकडे नमुन्यादाखल आहेत. अन्न, औषधं आणि निकष यांबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र खरं आहे.

बाईंचं वय ५६, वजन ६८ किलो, मधुमेह नऊ वर्षांपासूनचा. दोन्ही वेळच्या जेवणासोबत मेटफॉर्मिन, सकाळी नाश्त्याबरोबर ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम आणि बीपीसाठी एक गोळी. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ८.१ टक्के. घरात ग्लुकोमीटर होता, पण त्यावर फक्त उपाशीपोटीची साखर पाहिली जायची आणि ती १४० ते १५५ (मिलिग्रॅम/डेसिलिटर) च्या दरम्यान असायची. खाल्ल्यानंतर साखर कुठवर जाते हे कधी पाहिलंच नव्हतं.

त्यांचा प्रश्न सरळ होता. "मॅडम, तीन महिने झाले, रोज कॉटेज चीज खातेय. कार्ब्ज कमी आणि प्रोटीन जास्त असं जिथे तिथे वाचलं म्हणून सुरू केलं. साखर आहे तिथेच आहे. सोडून देऊ का?"

तीन महिने एखादी गोष्ट नेमाने करायची आणि हाती काहीच लागायचं नाही, की माणूस आहारावरचाच विश्वास सोडतो. म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. कॉटेज चीज (पनीर नव्हे, डब्यात मिळणारं ओलसर, दाणेदार चीज) चांगलं की वाईट यात न शिरता मी चार गोष्टी विचारल्या : कोणतं खाता, किती खाता, कधी खाता आणि कशाच्या ऐवजी खाता. पहिल्या तिन्हींची उत्तरं लगेच मिळाली. चौथ्यावर त्या थांबल्या. "ऐवजी नाही, बाकी सगळं तेच. हे वरून."

आधी लेबल वाचलं

त्या खात होत्या तो फळांच्या चवीचा, चरबीविरहित म्हणून विकला जाणारा १५० ग्रॅमचा डबा. पुढच्या बाजूला प्रथिनांचा आकडा ठळक. मागच्या तक्त्यात १०० ग्रॅमला १२ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे डब्याला १८. घटकांच्या यादीत साखर, फळांचा गर आणि मॉडिफाइड स्टार्च.

कॉटेज चीज कसं बनतं हे एकदा लक्षात आलं की हे लेबल आपोआप उलगडतं. साय काढलेलं दूध आंबवून किंवा आम्ल घालून फाडतात, तयार झालेल्या दह्यासारख्या थराचे तुकडे करतात, तापवतात, पाणी निथळू देतात आणि ते दाणे पाण्याने धुतात. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बरीचशी निवळीबरोबर निघून जाते. मागे उरतं ते मुख्यतः केसीन हे प्रथिन. नुसते दाणे कोरडे लागतात, म्हणून त्यांवर दूध किंवा मलईचं मिश्रण ओततात आणि मीठ घालतात. साध्या कॉटेज चीजमधली कर्बोदकं बहुतांशी या ओतलेल्या भागातून येतात. मलई काढून टाकली की मिश्रण पातळ होतं. ते दाट करायला काही उत्पादक स्टार्च किंवा गोंदासारखे पदार्थ वापरतात आणि चव भरून काढायला साखर. दाणे सगळ्या डब्यांत जवळपास सारखेच असतात. मधुमेहींना लेबलवर पाहायचं असतं ते त्यांवर काय ओतलंय.

साध्या कॉटेज चीजमध्ये १०० ग्रॅमला साधारण ११ ते १२ ग्रॅम प्रथिनं आणि ३ ते ४ ग्रॅम कर्बोदकं असतात. स्निग्धांश प्रकारानुसार १ ते ४ ग्रॅम, उष्मांक ७० ते १००. १ टक्का आणि ४ टक्के स्निग्धांशाच्या प्रकारांत कर्बोदकांचा फरक एका ग्रॅमच्याही आत आहे, त्यामुळे साखरेच्या दृष्टीने कुठलाही साधा प्रकार चालतो. १५० ग्रॅममागे सुमारे ४० उष्मांकांचा फरक पडतो. वजन आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पाहून त्याचा निर्णय घ्यावा. पनीरसाठी हे आकडे वापरू नयेत. ते दाबून घट्ट केलेलं असतं, त्यामुळे त्यात स्निग्धांश आणि उष्मांक कितीतरी जास्त असतात, आणि मीठ बहुधा घातलेलं नसतं.

बाईंचा डबा रात्रीच्या जेवणानंतर खाल्ला जायचा. झोपताना प्रथिनं खाल्ली की सकाळची साखर कमी येते, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांच्या बाबतीत रोजच्या आहारात १८ ग्रॅम कर्बोदकं वाढली होती, तीही दिवसभराच्या जेवणाखाणावर वरून. साखर जागची हलली नाही याचं आश्चर्य मला वाटलं नाही. उलट आणखी चढली नाही याचं वाटलं.

नाश्त्याची अदलाबदल

त्यांच्या नाश्त्यात जॅम लावलेले दोन टोस्ट आणि ग्लासभर संत्र्याचा रस असायचा. टोस्टची २८ ग्रॅम कर्बोदकं, जॅमची १३ आणि रसाची २० धरली तर ६१ ग्रॅम. दिवसाची बेरीज २२० ग्रॅमच्या वर जात होती. दिवसाला १३० ग्रॅमच्या आत राहणाऱ्या आहाराला साधारणपणे लो-कार्ब म्हणतात. २० ते ५० ग्रॅमवर येणारा केटो आहार त्याहून फार कडक. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनच्या २०१९ च्या आहारविषयक अहवालाने असं नोंदवलं होतं की साखर आटोक्यात आणण्यासाठी सर्वाधिक पुरावा एकूण कर्बोदकं कमी करण्याच्या बाजूने आहे. त्यासाठी एकच आकडा सगळ्यांना लागू होतो असं मात्र त्यात म्हटलेलं नाही. बाईंसाठी आम्ही १२० च्या आसपासचं लक्ष्य धरलं आणि पहिला हात नाश्त्याला घातला, कारण पुष्कळ मधुमेहींची साखर सकाळच्या कर्बोदकांनी सर्वांत जास्त उसळते.

नवा नाश्ता असा : साधं, २ टक्के स्निग्धांशाचं कॉटेज चीज १५० ग्रॅम, काकडी-टोमॅटो, मिरपूड, एक टोस्ट आणि थोडे अक्रोड. फळ खायचं तर अख्खं आणि लहान; रस बंद. रात्रीचा डबा बंद. सगळी मिळून कर्बोदकं २५ ग्रॅमच्या आसपास.

एक दिवस जुना नाश्ता करून त्यांनी खाण्याआधी आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर पाहिली. आधी १४८, नंतर २४६. नव्या नाश्त्याला आधी १४४, नंतर १८१. वाढ ९८ वरून ३७ वर आली.

बाई खूश झाल्या आणि श्रेय कॉटेज चीजला देऊ लागल्या. मला ते घाईचं वाटलं. एकाच वेळी तीन गोष्टी बदलल्या होत्या : रस गेला, जॅम गेला, एक टोस्ट गेला. म्हणून मी त्यांना तोच लहान नाश्ता कॉटेज चीजशिवाय करून पाहायला सांगितलं. त्या दिवशी आधी १४६ आणि नंतर १९२, म्हणजे वाढ ४६.

३७ आणि ४६ यांतला फरक मोजायच्या लायकीचा आहे का? घरगुती ग्लुकोमीटरसाठी २०१३ च्या आयएसओ १५१९७ या मानकाची अट अशी आहे : साखर १०० किंवा जास्त असेल तर ९५ टक्के वाचनं प्रयोगशाळेच्या मूल्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असली पाहिजेत. १९० च्या जवळ हा पट्टा दोन्ही बाजूंना २८ चा होतो. म्हणजे एका दिवसाच्या नऊ अंकांच्या फरकावरून काहीच सिद्ध होत नाही. ९८ आणि ३७ यांतला फरक या पट्ट्यात लपण्यासारखा नाही. तो खरा, आणि तो कर्बोदकं कमी झाल्याचा.

मग कॉटेज चीजने केलं काय? ते डायरीच्या शेवटच्या रकान्यात सापडलं, जिथे मी भूक लिहायला सांगितली होती. कॉटेज चीजशिवायच्या दिवशी अकराच्या आतच 'फार भूक, दोन बिस्किटं खाल्ली' अशी नोंद. कॉटेज चीज असलेल्या दिवशी 'भूक एक वाजता'. केसीन पोटात आम्लाशी संयोग होऊन गुठळ्यांसारखं बसतं आणि सावकाश पचतं. १६-१७ ग्रॅम प्रथिनं आणि थोडा स्निग्धांश मिळाला की लहान नाश्ता दुपारपर्यंत पुरतो. साखर उतरली ती २५ ग्रॅमच्या नाश्त्याने. तो नाश्ता आज, उद्या आणि पुढच्या महिन्यातही करता यावा, ही कॉटेज चीजची कामगिरी. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांचा थोडा विरस झाला. पण हे समजणं फार गरजेचं आहे. साखर कॉटेज चीजने उतरते असं मनात बसलं की माणूस ते जुन्या जेवणात वरून घालतो, आणि आधीचे तीन महिने नेमकं तेच झालं होतं.

दुपारची थरथर

अदलाबदल सुरू करण्याआधी गोळ्या देणाऱ्या डॉक्टरांशी बोलायचं ठरलं होतं. वेळ चार दिवसांनंतरची मिळाली आणि बाईंनी उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. चौथ्या दिवशी बाराच्या सुमारास हात थरथरायला लागले, घाम सुटला. मीटरवर ६६.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतं, नाश्त्यात ६१ ग्रॅम आहेत की २५ हे न पाहता. ग्लिक्लाझाइड आणि ग्लिपिझाइड ही त्याच गटातली औषधं. इन्सुलिनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचीही तीच गत. एकट्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांची साखर अशी कोसळणं क्वचितच घडतं. म्हणून कर्बोदकं निम्म्यावर आणायची असतील तर या औषधांचा डोस आधी डॉक्टरांनी पाहायला हवा. यात तडजोड नाही.

त्या दुपारी पुढे जे घडलं ते तर प्रत्येक मधुमेहीच्या घरात माहीत असायला हवं. बाईंनी फ्रिज उघडून कॉटेज चीजचे चार-पाच चमचे खाल्ले. डाएटमधला पदार्थ, म्हणून हाच योग्य असं त्यांना वाटलं. पंधरा मिनिटांनी साखर ६३. तेवढ्याशा दाण्यांत कर्बोदकं नावापुरती, आणि टाइप २ मध्ये प्रथिनं इन्सुलिनला आणखी चालना देतात, पण साखर लगेच वर आणत नाहीत. दुधाच्या पदार्थांची ही खासियत आहे : साखर जेवढी वाढते त्या मानाने इन्सुलिन जास्त स्रवतं. एरवी ते सोयीचं, साखर ७० च्या खाली असताना चुकीच्या वेळचं. मग त्यांच्या मुलीने पाण्यात १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर कालवून दिली आणि पंधरा मिनिटांनी वाचन ९४ आलं. ७० च्या खाली गेल्यावर आधी शुद्ध साखर, १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. कॉटेज चीज, दूध, सुकामेवा यांची पाळी नंतर.

डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमवर आणलं. त्यानंतर दुपारची वाचनं ९५ ते १२० च्या दरम्यान राहिली.

मीठ

सहाव्या आठवड्यात बाईंनी घरी घेतलेल्या बीपीच्या नोंदी आणल्या. आधी १२६/८० च्या आसपास असणारं बीपी १३८/८६ च्या घरात. डायरीत नाश्त्याचे १५० ग्रॅम होतेच, शिवाय संध्याकाळच्या भुकेला आणखी १०० ग्रॅम. ब्रँडही बदलला होता : १ टक्का स्निग्धांश, १०० ग्रॅमला ४१० मिलिग्रॅम सोडियम. २५० ग्रॅमचा हिशेब १,०२५ मिलिग्रॅमवर जातो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला २,००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगते, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम मीठ. त्यातला निम्मा वाटा एकाच पदार्थाने खाल्ला होता, आणि तो पदार्थ जिभेला खारट लागतही नाही.

बीपी वाढायला कारणं अनेक असतात. सगळा दोष मिठावर टाकता येणार नाही. पण हे कारण समोर दिसत होतं आणि आपल्या हातातलं होतं. मधुमेहात बीपी वाढलं की मूत्रपिंड, डोळे आणि हृदय तिघांवरचा भार वाढतो, म्हणून मी कॉटेज चीजच्या लेबलवर कर्बोदकांइतकाच सोडियमचा आकडा पाहायला सांगते. साध्या प्रकारांत कर्बोदकं उन्नीस-बीस असतात. सोडियम मात्र ब्रँडगणिक बरंच बदलतं.

आम्ही संध्याकाळचं कॉटेज चीज काढून तिथे आलटून पालटून उकडलेलं अंडं, बिनसाखरेचं दही किंवा मूठभर बिनखारे शेंगदाणे ठेवले. सकाळसाठी मीठ न घातलेला प्रकार शोधला. तो मिळाला नाही तर गाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली धुवायचं आणि निथळू द्यायचं. मीठ बरंच उतरतं. मात्र कॅल्शियमही वाहून जातं, आणि ते मुळात फार नसतं : १०० ग्रॅमला ८० मिलिग्रॅमच्या आसपास, दुधापेक्षा कमी, कारण दूध आम्लाने फाटताना कॅल्शियम निवळीत उतरतं. रोज धुतलेलं कॉटेज चीज खाणाऱ्या ५६ वर्षांच्या बाईने कॅल्शियमची सोय दुसरीकडे करायला हवी. दही होतंच. त्याबरोबर पालेभाज्या वाढवल्या, ज्यांची गरज आणखी एका कारणाने होती : कॉटेज चीजमध्ये चोथा शून्य, ब्रेड आणि फळं कमी झालेली, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यापासून पोट साफ होत नव्हतं.

पुढच्या दोन आठवड्यांत बीपी १३० च्या आसपास आलं. त्यात मीठ किती आणि रोजचं चालणं किती हे वेगळं काढता आलं नाही.

लघवीची तपासणी

प्रथिनं वाढवण्याआधी मूत्रपिंडं कशी आहेत हे पाहायचं असतं. बाईंची लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी दोन वर्षं राहून गेली होती. ती झाली तेव्हा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ४२ आलं. ३० च्या आत हवं. ईजीएफआर ७८, म्हणजे गाळण्याची क्षमता ठीक. ताप, दमछाक करणारा व्यायाम किंवा वाढलेली साखर यांनीही हे गुणोत्तर तात्पुरतं चढतं, म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुन्यांपैकी दोन वाढलेले आले तरच ते पक्कं धरतात.

तोवर प्रथिनांना हात सैल सोडायचा नाही असं डॉक्टरांनी आणि मी मिळून ठरवलं. मूत्रपिंडाचा आजार असताना डायलिसिस नसलेल्यांना वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिनं सुचवली जातात. ६८ किलोला हे ५४ ग्रॅम होतात. सकाळच्या १५० ग्रॅम कॉटेज चीजमधून त्यातली १६-१७ आली. बाकीच्या दिवसाला ३७-३८ उरतात आणि डाळी, दही, अंडं, धान्य यांत ती सहज भरतात. म्हणजे इथेही वरून घालायला जागा नाही. ज्या दिवशी नाश्त्याला कॉटेज चीज त्या दिवशी संध्याकाळी अंडं नाही, असा साधा नियम बाईंनी स्वतःच करून फ्रिजच्या दारावर चिकटवला.

तीन महिन्यांनंतर

एचबीएवनसी ८.१ वरून ७.३. ग्लिमेपिराइड निम्मं झालेलं असताना हे घडलं, याला मी जास्त महत्त्व देते. नाश्त्यानंतरची साखर बहुतेक दिवशी १८० च्या आत. वजन ६५.५ किलो.

उपाशीपोटीची साखर मात्र अजून १३५ ते १४५. रात्रभर यकृत जी साखर सोडतं तिचा तो आकडा आहे आणि सकाळच्या नाश्त्याचा हात तिथवर पोहोचत नाही. बाईंनी विचारलं, "मग रात्री पुन्हा सुरू करू का, साधं कॉटेज चीज?" मी नको म्हटलं. रात्रीच्या जेवणाची वेळ अलीकडे आणणं, त्यातला भात कमी करणं आणि जेवणानंतर वीस मिनिटं चालणं हे आधी करून पाहायचं ठरलं. झोपेच्या तक्रारीही डॉक्टरांच्या कानावर घालायच्या आहेत.

लघवीचा दुसरा नमुना पुढच्या महिन्यात आहे. तोही वाढलेला आला तर ग्लिमेपिराइडच्या जागी एम्पाग्लिफ्लोझिनसारखं औषध द्यायचा डॉक्टरांचा विचार आहे, कारण या गटाची औषधं मूत्रपिंडाचं रक्षणही करतात. ती लघवीवाटे साखर बाहेर काढतात, आणि कर्बोदकं फारच कमी केलेल्या माणसात त्यांनी कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणं, होऊ शकतो. त्यात मीटरवरची साखर फार वाढलेली दिसतेच असं नाही, त्यामुळे उलट्या, पोटदुखी, धाप लागणं ही लक्षणं अंगावर काढली जातात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१५ मध्येच याबद्दल इशारा दिला होता. म्हणून बाईंच्या फाइलवर पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे : रोजची कर्बोदकं १२० ग्रॅमच्या आसपास, केटो आहार नाही, उपवास किंवा आजारपणात गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन. बाईंना कॉटेज चीज आता इतकं आवडू लागलं आहे की दुपारचं जेवणही त्यावरच भागवावं असं त्यांच्या मनात आहे. औषधाचा निर्णय होईपर्यंत नाश्त्याचे १५० ग्रॅम तेवढेच राहतील, हे त्यांना सांगितलं आहे आणि त्यांच्या मुलीलाही.